पुलाखालची खुर्ची

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साचतात. एक फायली आणि दुसरे किस्से. फायलींची दर काही वर्षांनी छाटणी होते, रद्दीवाला टेम्पो घेऊन येतो, कपाटं मोकळी होतात. किश्शांची छाटणी कोणी करत नाही. उलट जेवणाच्या सुट्टीत एकजण किस्सा काढतो, दुसरा त्यात मीठमसाला घालतो आणि तिसरा "असं नव्हतं, मी तिथं होतो!" म्हणून तोच पुन्हा पहिल्यापासून सांगतो. मी सांगतेय त्यातला मसाला शक्य तितका काढून टाकलाय. अगदीच अळणी लागू नये म्हणून थोडा ठेवलाय, तेवढा चालवून घ्या.

ऑफिस छत्तीसगढातल्या नवा रायपुरात. समोरचा रस्ता एवढा रुंद की पलीकडे चहा प्यायला जायचं तर घरी फोन करून सांगावंसं वाटतं. आमचं काम कालव्यांच्या पुलांचं डिझाइन करणं. म्हणजे कालव्यावरचा पूल नव्हे, कालवाच ज्यावरून जातो तो पूल! वाटेत नाला आडवा आला की खांबांवर सिमेंटची लांबलचक पन्हळ ठेवायची आणि कालव्याचं पाणी तिच्यातून पलीकडे न्यायचं. खाली नाला वाहतो, वर कालवा वाहतो. त्याला म्हणायचं जलसेतू.

आमच्या टेबलाभोवती माणसं चार. बोरकर सर सगळ्यांत सीनियर. जुन्या रायपुरातल्या आमच्याच तात्यापारा मोहल्ल्यातले, माझ्या बाबांचे दोस्त, त्यामुळे गल्लीत काका आणि ऑफिसात सर. साहू भैया ड्रॉइंग करायचे. श्रुती सगळ्यांत लहान, कॉम्प्युटरवर मॉडेल करणारी. तिचे आईबाबा नागपूरचे, पण आपण मराठीत बोलावं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यावं असा आमचा अलिखित करार. आणि चौथी मी, वृषाली काळे. या सगळ्यांच्या वर, म्हणजे खरोखरच वरच्या मजल्यावर, मोठे साहेब.

*

माझं पहिलं डिझाइन. मी रात्रंदिवस एक करून पन्हळीचा हिशेब केला. पाण्याचं वजन, सिमेंटचं वजन, वारा, भूकंप, सगळं चोख! जलसेतूत सगळ्यांत जड असतं ते पाणी. ते येऊन बसतं आणि बसूनच राहतं. त्याला स्टॅटिक लोड म्हणतात. नियमाप्रमाणे पाणी पन्हळीच्या काठापासून थोडं खाली राहतं, म्हणून मीही तेवढंच पाणी धरलं होतं.

बोरकर सरांनी कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला.

"वरची एवढी जागा रिकामी काहून ठेवली?"

"सर, पाणी तिथपर्यंत येतच नाही. नियमात आहे."

"हा नियम गेटवाल्याले मालूम आहे का?"

दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये घालून एका जुन्या कालव्यावर घेऊन गेले. तिथल्या जलसेतूत पाणी काठोकाठ, अगदी कडेवरून सांडत होतं! गेटवाले काका झाडाखाली निवांत विडी ओढत बसलेले. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, की इतकं पाणी का सोडलं?

ते शांतपणे म्हणाले, "मैडम, कम छोड़ो तो गाँव वाले मारते हैं. ज्यादा छोड़ो तो आप लोग चिट्ठी भेजते हैं. चिट्ठी से चोट नहीं लगती."

परत येताना मी गाडीतच कागद काढला आणि पाणी काठोकाठ धरलं.

*

त्याच जीपच्या मागच्या बाजूला एक घडीची खुर्ची असायची. ती खुर्ची म्हणजे आमच्या ऑफिसची शान.

झालं असं होतं, की बोरकर सरांनी स्वतःसाठी एक रीत पाडून घेतली होती. आपण डिझाइन केलेल्या जलसेतूत पहिलं पाणी सुटतं, त्या दिवशी पन्हळीच्या बरोबर खाली खुर्ची टाकून बसायचं. पाणी काठाला लागेपर्यंत उठायचं नाही. पूल पडायचाच असेल तर पहिल्यांदा आपल्या डोक्यावर पडू दे, असा साधा हिशेब!

नव्या लोकांना हे ऐकून शहारे यायचे. ठेकेदारांना तर घामच फुटायचा. एका ठेकेदारानं हात जोडून विनवलं, "सर, आप बाजू में बैठ जाइए, हम मान लेंगे कि नीचे बैठे थे."

साहू भैयांना मात्र एकच काळजी. दर वेळी ते मला हळूच विचारायचे, "दीदी, सर का बीमा चालू है ना?"

मला सरांचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. पण एक गोष्ट मला तेव्हापासून खटकायची. साइटवर गेलो की सर आम्हाला वर चढवायचे आणि स्वतः खालीच थांबायचे. टेपचं वरचं टोक नेहमी माझ्या नाहीतर साहू भैयांच्या हातात. श्रुतीनं एकदा विचारलंच, "सर, आप ऊपर क्यों नहीं आते?"

"पोरी, पुलाचं खरं काम खालून दिसते," सर म्हणाले आणि खांबाकडे बघत राहिले. श्रुतीनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

*

आता म्हशीचा किस्सा. हा किस्सा आमच्या मजल्याच्या बाहेरही गेलाय, पण चुकीचा सांगतात. खरा असा.

आमच्याकडे कालव्याला पाणी आलं की माणसांच्या आधी म्हशी उतरतात. जेवताना श्रुतीनं सहज प्रश्न टाकला, "सर, भैंस तैरते-तैरते पुल पर आ गई तो लोड कितना बढ़ेगा?"

एवढंच! दुपारची कामं बंद. साहू भैया म्हणाले, म्हशीचं जेवढं वजन तेवढं वाढणार, त्यात विचारायचं काय? मी म्हणाले, तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, म्हणजे वाढणार शून्य. साहू भैया म्हणाले, "दीदी, आपने कभी भैंस देखी है? वो शून्य दिखती है क्या?"

शेवटी सरांनी कँटीनमधून वजनकाटा मागवला. त्यावर पातेलं ठेवलं, पाणी काठोकाठ भरलं. ऑफिसच्या पूजेतला नारळ होता, तो अलगद पाण्यात सोडला. नारळ तरंगला, तेवढं पाणी सांडून खाली टेबलावर गेलं, आणि काटा जिथं होता तिथंच! मी जिंकले. टाळ्या पडल्या.

साहू भैयांनी काट्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "नारियल तो चुपचाप बैठा है, सर. भैंस चुपचाप बैठती नहीं."

हे मात्र सगळ्यांना पटलं. पोहणारी म्हैस शून्य, पण काठावर चढायला धडपडणारी म्हैस म्हणजे डायनॅमिक लोड. हलणारं, आपटणारं, लाथ मारणारं वजन! सरांनी त्याच दिवशी पन्हळीच्या भिंतीची जाडी वाढवली.

श्रुतीनं हिशेबाच्या कागदात प्रामाणिकपणे लिहिलं, 'तैरती हुई भैंस : निरंक'. तो कागद तपासणीला बाहेर गेला आणि महिन्याभरानं शेरा लिहून परत आला, 'कृपया भैंस का आधार संलग्न करें'.

आम्ही नारळाचा फोटो जोडला.

*

म्हशीचा हा हिशेब ज्या पुलासाठी चालला होता, त्या पुलाकडे आता येते. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथला जुना जलसेतू थकला होता, सिमेंट झडून आतल्या सळया दिसत होत्या. तो पाडून नवा बांधायचा होता आणि डिझाइन आमच्याकडे आलं होतं. सरांच्या रिटायरमेंटला तेव्हा सहा महिने उरले होते.

आम्ही मोजमापाला गेलो. पावसाळा होता, खाली नाला दोन्ही थड्या भरून वाहत होता. आणि पन्हळीच्या जेमतेम फूटभर रुंद भिंतीवरून माणसं चालली होती! एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल नाला. एकजण सायकल खांद्यावर घेऊन गेला. एकीच्या डोक्यावर चादरीत बांधलेला भारा होता. एकानं तर शेळीला मानेवर घेतलं होतं, आणि त्या दोघांत शेळीच जास्त निवांत दिसत होती.

मागून एक म्हातारी आली. फिरंतिन बाई. राशनच्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर, पाय अनवाणी. साहू भैयांनी तिच्याशी छत्तीसगढीत बोलणं काढलं. राशनचं दुकान, दवाखाना, शाळा, सगळं नाल्याच्या पलीकडे. पावसाचे चार महिने ही भिंत हाच रस्ता. तिची सून दिवस भरलेले असताना याच भिंतीवरून गेली होती. पुढे एक बाई, मागे एक बाई, दोघींनी तिचे हात धरलेले. भर पावसात. तेव्हा जन्मलेली नात आता सात वर्षांची झाली होती आणि पावसाळाभर शाळेत जात नव्हती.

"काबर नइ भेजव?" म्हणजे का पाठवत नाही, असं साहू भैयांनी विचारलं.

फिरंतिन बाईनं भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाली, "एक पइत भगवान बचाइस. रोज-रोज थोरे बचाही?" एकदा देवानं वाचवलं, रोज रोज थोडाच वाचवणार आहे?

मी भिंतीवर चार पावलं टाकून पाहिली आणि खोटं कशाला बोलू, बसून घेतलं. बसूनच मागे सरकत सरकत आले. श्रुती हसली नाही. खाली थडीवरच्या खांबापाशी उभे असलेले सर वर बघत होते, आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला होता.

मंजूर नकाशात नव्या पुलालाही फक्त पन्हळ होती. रस्ता नव्हता. एकदा बांधकाम सुरू झालं की झालं, पुढची पन्नास वर्षं त्या पोरीच्या पोरीही भिंतीवरूनच जाणार.

*

सर दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावर गेले. मी कागद धरून मागे.

"सर, पुलाच्या एका अंगाने पायरस्ता द्यावा लागेल," असं त्यांनी हिंदीत सांगितलं. मोठे साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का.

"बोरकर जी, नहर में पानी जाता है, पब्लिक नहीं जाती. पब्लिक का रास्ता दूसरे विभाग का काम है."

दुसऱ्या विभागाला पत्र पाठवून उत्तराची वाट बघायची म्हणजे फिरंतिन बाईच्या नातीचं लग्न व्हायची वेळ. सर खाली आले. तिसऱ्या दिवशी साहू भैयांना म्हणाले, ड्रॉइंगवर पायरस्ता लिहू नका, 'निरीक्षण पथ' लिहा. पुलाची तपासणी करायला खात्याच्या माणसाला वाट नको का?

मोठे साहेब ड्रॉइंगकडे बघत राहिले. इतका रुंद निरीक्षण पथ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"इतना निरीक्षण करेगा कौन?"

"पूरा गाँव करेगा, सर. रोज करेगा."

मोठे साहेब हसले आणि त्यांनी सही केली. पण खाली एक ओळ लिहून दिली, की चालणाऱ्यांच्या वजनाचा पूर्ण हिशेब जोडा.

*

तर आता चालणाऱ्यांचं वजन. पाणी कुठं बसणार ते ठाऊक असतं. माणसाचं तसं नाही. तो चालतो, पळतो, घोळक्यानं थांबतो. पुस्तकात गर्दीचं वजन दिलेलं असतं, ते आम्ही धरलंच होतं. साहू भैयांनी मध्येच विचारलं, "और बारात?"

रस्ता झाला की वरात त्यावरूनच जाणार. आणि आमच्या छत्तीसगढची वरात साधी चालत जात नाही, ती नाचत नाचत, चार पावलं पुढे, दोन मागे अशी जाते. सगळे एका तालात उड्या मारतात, तेव्हा खालचा स्लॅबही ताल धरू लागतो. डायनॅमिक लोडमध्ये याच्याइतकं अवघड प्रकरण नाही.

श्रुतीनं सुचवलं, "सर, बोर्ड लगा देंगे. नाचना मना है."

"लग्नात नाचू नये असा बोर्ड?" सर म्हणाले. "बापा! ते बोर्डासमोरच नाचतील नं!"

मग सरांच्या डोक्यात आलं, की आपल्या मजल्याचा स्लॅब जवळपास तेवढ्याच लांबीचा आहे. बघू तरी काय होते! टेबलं बाजूला सरकवली. श्रुतीनं फोनवर वरातीची गाणी लावली. पलीकडच्या सेक्शनची माणसंही आली, बोलावलं नव्हतं तरी. साहू भैया असे नाचले की त्यांचा तो गुण खात्यानं वाया घालवला असं मला मनापासून वाटलं. श्रुतीनं जमिनीवर परातीत पाणी ठेवून त्यातल्या लहरी बघितल्या. आणि बोरकर सर भिंतीला टेकून, घड्याळ हातात धरून, एका मिनिटात किती उड्या पडतात ते मोजत होते.

खालच्या मजल्यावर दुसरं खातं. त्यांचा शिपाई धावत आला. त्यांच्या साहेबांच्या टेबलावर छताचा पोपडा पडला होता.

सरांनी नाच थांबवला. आम्हाला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी शिपायाला विचारलं, "पोपडा कौन से गाने पर गिरा?"

*

मधला एक छोटासा. मोठ्या साहेबांनी श्रुतीला विचारलं, भूकंप आला तर पन्हळीतलं पाणी काय करेल?

ती सकाळी स्टाफच्या बसनं यायची. बस नवा रायपूरच्या रस्त्यावर सुसाट आणि मध्येच स्पीडब्रेकर. श्रुती म्हणाली, "सर, मेरे डिब्बे की दाल से पूछिए. भरा हो तो चुप रहती है, आधा हो तो बैग तक आ जाती है."

मोठ्या साहेबांनी अर्ध्या भरलेल्या पन्हळीचा वेगळा हिशेब मागितला. सरांनी पोरीला दोन समोसे खाऊ घातले.

*

रेलिंगवरून मात्र खरंच वाजलं. एवढ्या वर्षांत सरांचा आवाज वरच्या मजल्यावर चढलेला मी तेव्हा एकदाच ऐकला.

पुस्तकात रेलिंगची उंची ठरलेली असते. सरांनी सहा इंच जास्त धरली. मोठे साहेब म्हणाले, गरज काय? पुस्तकातली उंची साऱ्या देशाला पुरते, या गावाला का नाही?

"किताब की ऊँचाई गिरने वाले के लिए है, सर. कोई गिरे नहीं, इसलिए."

"तो आपकी किसके लिए है?"

"घाबरणाऱ्यासाठी," सर मराठीतच बोलून गेले. मग हिंदीत सांगू लागले. "सर, जो डरता है ना, वो गिरता नहीं. वो आता ही नहीं. घर बैठ जाता है. उसका स्कूल छूट जाता है. उसको हाथ में पकड़ने के लिए कुछ चाहिए, छाती तक."

बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. मला वाटलं, सर फिरंतिन बाईच्या नातीबद्दल बोलतायत. सहा इंच मंजूर झाले.

*

सगळं झालं. पन्हळ काठोकाठ, म्हैस, वरात, भूकंप, रेलिंग. सरांच्या रिटायरमेंटला उरले तीन आठवडे. गावातून सरपंच दीदी आणि तिच्याबरोबर फिरंतिन बाई नवा रायपुरात आल्या. दोन बसगाड्या बदलून, शेवटचा टप्पा पायी. आमच्याकडे बस असते, पण ती असते असं नुसतं ऐकायला मिळतं.

श्रुतीनं मोठ्या हौसेनं स्क्रीनवर नवा पूल दाखवला. पाणी निळं, रस्ता करडा, रेलिंग पांढरं, आणि रस्त्यावर चालणारी इवलीइवली माणसं! सरपंच दीदी खूश. फिरंतिन बाईनं पदरानं डोळे पुसून नीट बघितलं.

"बने हे," ती म्हणाली. छान आहे. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

मग तिनं विचारलं, "फेर ए मनखे मन ऊपर चढ़िन कइसे?"

ही माणसं वर चढली कशी? मी स्क्रीनकडे बघितलं. पन्हळ नाल्याच्या वर, तिच्या दोन्ही टोकांना पुरुषभर उंच सिमेंटच्या भिंती. रस्ता वर, गावची पायवाट खाली. मध्ये काही नाही!

आम्ही चौघांनी मिळून वाऱ्याचं वजन धरलं होतं, म्हशीची लाथ धरली होती, वरातीत एका मिनिटाला किती उड्या पडतात ते मोजलं होतं. पायऱ्या धरल्याच नव्हत्या.

श्रुतीचा आवाज अगदी लहान झाला. "मैंने... सीधे ऊपर रख दिए थे."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग उठले, जुन्या फायलींचा गठ्ठा काढला आणि जमिनीवर ठेवला. फिरंतिन बाईला म्हणाले, डोक्यावर गाठोडं आहे असं समज आणि चढून दाखव. एक गठ्ठा उंच झाला. दोन फायली काढल्या. अजून एक काढली. ती ज्या उंचीला न थांबता, हात न टेकता चढली, ती साहू भैयांनी मोजली आणि तीच पायरी ड्रॉइंगवर उतरवली.

आमच्या ऑफिसातल्या फायलींनी कोणाला वर नेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

*

आणि हा शेवटचा.

सर रिटायर झाले. पूल व्हायला त्यानंतर दोन वर्षं गेली. पहिलं पाणी सोडायचा दिवस ठरला तसा मी तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी निरोप घेऊन गेले. काकू म्हणाल्या, गुडघे दुखतात, तरी ते जाणारच, अडवून उपयोग नाही. काकांनी एकच विचारलं, "पायऱ्या झाल्या का?" झाल्या म्हटल्यावर आत जाऊन घडीची खुर्ची घेऊन आले.

सकाळीच पोचलो. नाल्यात गुडघाभर पाणी होतं, मधल्या खांबापाशी खडकाची कोरडी जागा होती. सरांनी तिथं खुर्ची टाकली आणि पन्हळीच्या बरोबर खाली बसले. वर गेट उघडलं. पाणी सरसरत येऊ लागलं, ते खालीसुद्धा ऐकू येत होतं. चार बोटं, वीतभर, गुडघाभर. मी वर उभी राहून ओरडून सांगत होते.

सगळं गाव काठावर जमलं होतं. पाणी काठाला लागलं की सरपंच दीदी रिबीन कापणार आणि माणसं नव्या रस्त्यावरून पलीकडे जाणार, असा बेत. फिरंतिन बाई आली होती, आता कमरेत वाकलेली. बरोबर नऊ वर्षांची नात, शाळेच्या गणवेशात, दप्तरासकट. रविवार होता तरी!

फिरंतिन बाईनं साहू भैयांना विचारलं, साहेब तिथं खाली एकटाच का बसलाय? साहू भैयांनी सांगितलं, पूल पडायचा असेल तर आधी त्यांच्यावर पडेल, म्हणून.

तिनं लुगडं वर खोचलं. नातीचा हात धरला, नाल्यात उतरली, पाण्यातून वाट काढत गेली आणि सरांच्या खुर्चीशेजारी खडकावर बसली. तिच्या मागून तिची सून गेली. मग आणखी दोघी. मग रांगच लागली. बघता बघता निम्मं गाव पुलाखाली आणि वरचा नवा कोरा रस्ता मोकळा!

"अरे, काहून येऊन राहिले सगळे?" सर खुर्चीवरून ओरडले. "वृषाली, सांग यांना! सगळे खाली बसले तर वर चालणार कोण?"

तेवढ्यात पाणी काठाला लागलं. मी ओरडले, "भरलं, सर! काठोकाठ!"

सगळे वर बघत राहिले. एक थेंब पडला नाही. पूल जिथं होता तिथं उभा होता. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवायचा प्रयत्न केला नाही.

"आता जा वर," सरांनी हातानं खुणावलं. "जाव, जाव. चढ़ो सब लोग."

फिरंतिन बाई हलली नाही. "पहिली तुमन उठव, साहेब. तुँहर संग चढ़बो." आधी तुम्ही उठा, तुमच्याबरोबरच चढू.

सर म्हणाले, माझं काम खाली असतं. म्हणाले, गुडघे दुखतात. म्हणाले, खुर्ची कोण सांभाळणार? फिरंतिन बाईनं खुर्ची घडी करून नातीच्या हातात दिली.

पायऱ्या ते नीट चढले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढता येतील अशाच होत्या त्या. रस्त्यावर आले. पुढे ती पोरगी खुर्ची घेऊन, मागे फिरंतिन बाई, आणि तिच्या मागे अख्खं गाव. मी टोकाला वाट बघत उभी. एका बाजूला भरलेलं पाणी उन्हात चमकत होतं, दुसऱ्या बाजूला खाली नाला.

बरोबर मध्यावर सर थांबले. मला वाटलं, सवयीप्रमाणे जोड तपासतायत. मी लगबगीनं त्यांच्याकडे गेले. त्यांनी दोन्ही हातांनी रेलिंग धरलं होतं, छातीशी घट्ट. डोळे गच्च मिटलेले. मागची रांग तशीच थांबली होती, कोणी पुढे रेटत नव्हतं.

फिरंतिन बाईनं त्यांच्या कोपराला हात लावला.

"डर लागथे, साहेब?"

सरांनी डोळे उघडले नाहीत.

"वृषाली, वही काढ," ते म्हणाले. "लिहून घे. रेलिंगची उंची बरोबर आहे."